उंदराचे समालोचक

फोन आईंचा होता. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या स्वतःहून मोबाईल कधी लावत नाहीत, म्हणून नाव दिसल्याबरोबर मी हातातली रक्ताची नळी स्टँडमध्ये ठेवली. "गौरी, अप्पा जेवून पडवीत बसलेत. मी मघापासून हाक मारत्येय, ओ देत नाहीत गो," एवढंच त्या म्हणाल्या.

मी काम करते त्या लॅबपासून आमचं घर रिक्षाने फार लांब नाही. पण तेवढ्या वाटेतच जे कळायचं ते मला कळून चुकलं होतं, कारण माझे सासरे अप्पा ओ देत नाहीत ही गोष्टच आमच्या घराला ठाऊक नव्हती. एका हाकेला तीन वाक्यांची ओ देणारा माणूस तो. मी पोचले तेव्हा अप्पा आरामखुर्चीत होते, पेपर मांडीवर उघडा, चष्मा नाकावर. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्यांना कळलंही नसेल. पिकलं पान होतं, अंथरुणाला खिळणं नव्हतं, आदल्याच दिवशी मिरकरवाड्याच्या मासळीबाजारातून आलेल्या बांगड्यांना यथास्थित नावं ठेवून झाली होती. असं मरण सगळ्यांना यावं, असं जो तो म्हणत होता आणि मलाही ते पटत होतं. तरी रडू यायचं ते आलंच.

माझा नवरा समीर जहाजावर असतो. तो येऊन पोचल्यावर, जरा श्वास घ्यायला फुरसत मिळाली तेव्हा मी इंटरनेटवरच्या आमच्या मंडळींना एका ओळीत कळवलं, की अप्पा गेले. संध्याकाळपर्यंत माझ्या फोनवर रोमन अक्षरांत एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता: विनाथांबा. ब्राझीलहून आला, पोलंडहून आला, कॅनडातून आला. शेजारी बसलेल्या समीरच्या मामांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "ही गोरी माणसं कोण? आणि एसटीची पाटी कशाला पाठवतायत?" सुतकाच्या घरात मला हसू फुटलं. मामांना तेव्हा काहीबाही सांगून मी वेळ मारून नेली. आता नीट सांगते.

मी स्पीडरन करते. म्हणजे एक व्हिडिओ गेम घड्याळ लावून, होईल तितक्या लवकर संपवायचा, मग तोच पुन्हा पहिल्यापासून, आणखी थोडा लवकर, आणि असं वर्षानुवर्षं. छंद जगभर पसरलेला आहे. त्यात विक्रम असतात, ते तपासणारी माणसं असतात, भांडणं असतात आणि पदरात बहुतेकांच्या काहीही पडत नाही. माझा खेळ जुनापुराणा आहे. एक उंदीर, एक किल्ला, किल्ल्याचे सात दरवाजे आणि सातव्याच्या पलीकडे राजाचं धान्याचं कोठार. हॉस्टेलवर असताना तो हाताला लागला तो सुटला नाही. लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हा समीर वर्षातले बरेच महिने समुद्रावर, आणि घरात अप्पा, आई नि मी. ड्युटीवरून यायचं, चहा घ्यायचा, माडीवरच्या खोलीत दार लोटून उंदीर पळवायचा, असा माझा क्रम पडला.

अप्पा त्याच सुमाराला निवृत्त झाले होते. एसटी स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे खिडकीमागे बसून माईकवरून गाड्यांची घोषणा करणारे. पण त्यांचा खरा जीव रविवारी. सड्यावरच्या मैदानात टेनिस बॉल क्रिकेटचे सामने भरत आणि त्यांचं समालोचन अप्पा करत. उघडा कातळ, वर पत्रा, समोर माईक, आणि सकाळपासून सूर्य बुडेपर्यंत तोंड चालू. चेंडू करवंदीच्या जाळीत गेला तर तो सापडेपर्यंत ते जाळीचं समालोचन करायचे. कोणाची लुंगी काट्याला अडकली, कोण चेंडू सोडून करवंदंच खातोय, सगळं सगळं. पुढे नवी मंडळी आली, दर चौकाराला गाण्याचा तुकडा वाजवणारी यंत्रं आली, आणि अप्पांना हळूहळू फक्त बक्षीस समारंभाला बोलावू लागले. त्यांनी कधी कुरकूर केली नाही. मात्र घरात भिंतीवरच्या पालीचंही समालोचन सुरू झालं आणि आईंनी कपाळाला हात लावला.

तर अशात एका संध्याकाळी अप्पा माझ्या खोलीचं दार ढकलून आत आले. थोडा वेळ मागे उभे राहिले. माझा उंदीर तिसऱ्या दरवाजात पडला, मी खेळ पहिल्यापासून लावला. पुन्हा पडला, पुन्हा लावला.

"काय गो, रोज पहिल्यापासूनच का खेळत्येस? पुढे जाता येत नाय काय?"

कोणीतरी विचारलं याचाच मला इतका आनंद झाला, की मी घडाघडा सांगत सुटले. एनी पर्सेंट, ग्लिचलेस, क्लिप, आरएनजी, सॉफ्टलॉक... अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "स्टँडवर मी असा बोललो असतो ना, तर माणसं राजापूरची गाडी समजून चिपळूणला पोचली असती." आणि कोपऱ्यातली खुर्ची ओढून बसले. "एकेक सांग. शेवटच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला कळलं पाहिजे."

व्याख्या करण्याचा त्यांचा नियम तेवढाच. माझी व्याख्या नेहमी दुसऱ्या अवघड शब्दावर जाऊन आपटायची, त्यांची थेट दारात जाऊन उभी राहायची. एनी पर्सेंट म्हणजे वाटेतलं हवं ते वगळा, पण शेवटाला पोचा. हंड्रेड पर्सेंट म्हणजे खेळातला दाणा न् दाणा, चावी न् चावी गोळा करत जा. अप्पांनी क्षणभरही विचार केला नाही. "पहिली विनाथांबा. दुसरी साधी गाडी, हात दाखवा तिथे थांबणार." खेळात राहून गेलेल्या चुकांचा फायदा न घेता खेळलं तर त्याला ग्लिचलेस म्हणतात. ती झाली सोवळ्यातली रन. सॉफ्टलॉक समजावताना मात्र माझी दमछाक झाली. उंदीर एका खोलीत शिरतो, मागचं दार बंद होतं. तो मेलेला नाही, खेळ बंद पडलेला नाही, उड्या मारता येतात, इकडून तिकडे पळता येतं, फक्त पुढे जायची वाट उरलेली नसते. अप्पा एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "सामाईक सातबारा!" नाटे गावात त्यांची वडिलोपार्जित जमीन आहे, आणि तिच्यावर इतक्या चुलत्या-पुतण्यांची नावं आहेत की तिथे विहीरही खणता येत नाही आणि बांधही घालता येत नाही. नंतर जेव्हा केव्हा माझा उंदीर त्या खोलीत अडकायचा, अप्पा सुस्कारा सोडून म्हणायचे, "घ्या. आता सगळ्यांच्या सह्या आणा."

सगळेच शब्द असे झटक्यात जमले नाहीत, आणि अप्पांना भारदस्त शब्दांचा मोहही होता. भिंतीच्या सांध्यातून उंदीर पलीकडे निघतो त्याला क्लिप म्हणतात. त्यांनी त्याला भिंतभेद असं नाव दिलं आणि जेवताना मोठ्या ऐटीत आईंना ऐकवलं. आईंनी आमटी वाढता वाढता विचारलं, "हे काय, नाटकाचं नाव काय?" मग अप्पांनी अर्थ सांगितला. आई म्हणाल्या, "म्हणजे गडग्यातून सटकला. म्हांतूची बकरी येते ती तशीच येते. भेद कसला डोंबलाचा?" झालं, त्या दिवसापासून क्लिप म्हणजे गडग्यातून सटकणं. आमच्याकडे चिऱ्यांच्या कुंपणाला गडगा म्हणतात, आणि शेजारच्या म्हांतूची बकरी त्यातून कशी येते हे अजून कोणाला उलगडलेलं नाही.

तेव्हापासून अप्पा प्रत्येक शब्द रात्रीच्या पानावर आईंसमोर ठेवू लागले, आणि आई खेळाला नावं ठेवत ठेवत शब्दांचा निकाल देऊ लागल्या. ठरलेला क्रम मोडून पुढचं काम आधी उरकण्याला अप्पांनी "आधी बारसं, मग लग्न" असं सुचवलं. आईंनी डोळे वटारले, "चारचौघांत असलं बोलायचं नाय." मग त्याचं "आधी विडा, मग जेवण" झालं. आरएनजी म्हणजे खेळ स्वतःच्या मर्जीने जे काय पुढ्यात टाकेल ते. आज मांजर झोपलेलं असेल, उद्या जागं असेल, आपल्या हातात काही नाही. यावर आईंनी पानावरून मानही वर केली नाही. "मिरकरवाड्याची टोपली. सुरमई आणायला जायचं नि बांगडा घेऊन यायचं. म्हणून कोण उपाशी राहतो काय? बांगड्याचं तिखलं करायचं." स्पीडरन करणारी माणसं या एका मुद्द्यावर तासन् तास चर्चा करतात. इतकं नेटकं मी कुठेच ऐकलेलं नव्हतं. आणि रिसेटला अप्पा मराठी शब्द शोधत बसले तेव्हा आईंनीच त्यांना थांबवलं. "रिसेट म्हणजे रिसेट. मोबाईलवर असतं ना. उगाच कशाला?"

एवढं सगळं असूनही त्या माडीवर येऊन खेळ कधी बघायच्या नाहीत. "उंदीर बघायला वर येऊ? माळ्यावर काय कमी आहेत?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. फार तर एवढं म्हणायच्या, की गणपतीचं वाहन आहे, जरा जपून पाड गो.

मी माझा खेळ इंटरनेटवर थेट दाखवायची, तेव्हा बघणारे असायचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एकदा अप्पांना म्हटलं, नुसतं माझ्या कानाशी का बोलता, माईक देते, सगळ्यांशी बोला. त्यांनी आधी आढेवेढे घेतले, मग कपाटातून स्वतःचा जुना, चेंडूएवढ्या डोक्याचा माईकच काढून आणला. तो माझ्या यंत्राला जोडायला मला एक अख्खा रविवार लागला. मी वायरी जोडत होते, अप्पा शेजारी बसून बघत होते, आणि मी सहज विचारलं, आई कधी मैदानावर आल्या होत्या का हो तुमचं ऐकायला?

"एकदापण नाय," ते म्हणाले. "तेव्हा बायका कुठे यायच्या सड्यावर? आणि आल्या असत्या तरी हिला घरातून वेळ नव्हता. स्टँडवर यायची माहेरी जायला, तेव्हा मी खिडकीमागे नि हिचं लक्ष पिशव्यांवर." मग थोडे थांबून म्हणाले, "एवढ्या माणसांनी ऐकलं गो माझं. हिने एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून ऐकावं, एवढंच आहे माझ्या डोक्यात. सामना दिवसभराचा, तेवढा वेळ कुठून आणणार ती? तुझी रन बरी आहे. कुकर लावायचा नि वर यायचं. वरण शिजेपर्यंत उंदीर पोचतो."

अप्पांना माझ्या खेळात एवढा रस का, हे मला त्या दिवशी कळलं. विक्रमाशी त्यांना कर्तव्य नव्हतं. शब्द सोपे करायचे होते ते जगासाठी नव्हतेच.

समालोचन सुरू झालं आणि थोड्याच महिन्यांत माझ्या बघणाऱ्यांत भर पडत गेली. मुंबईत नोकरी करणारी आपली कोकणातली पोरंटोरं आली, आखातातून आली, आणि कोणीतरी कुठेतरी तुकडा चिकटवल्यावर मराठीचा गंध नसलेली परदेशी मंडळीही आली. त्यांना शब्द कळत नसत, पण अप्पांचा सूर कळायचा. "नमस्कार रसिकहो! आज विनाथांबा. उंदीर फलाटाला लागलेला आहे..." इथून जी गाडी सुटायची ती कोठारालाच थांबायची. ती परदेशी पोरं रन सुरू होण्याआधी हौसेने विनाथांबा लिहायला लागली, ते तेव्हापासून. मी खेळताना मागे त्यांचा आवाज असला की मला रिकाम्या खोलीत खेळल्यासारखं वाटेनासं झालं. सहा सहा महिने नवरा नसलेल्या घरात ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

मग ती संध्याकाळ आली. रन अशी जमून आली होती की सहाव्या दरवाजाशी मी माझ्या आजवरच्या उत्तम वेळेच्या बरीच पुढे होते. आमच्यात एक रिवाज आहे. शेवटच्या टप्प्यात खेळणाऱ्याला तो किती पुढे आहे हे कोणी सांगत नाही. बघणारे तर त्याबद्दल लिहीतही नाहीत. सगळे जणू काही विशेष घडतच नाही असं दाखवत बसतात. आणि क्रिकेटचा रिवाज बरोब्बर उलटा. तिथे शेवटच्या षटकात किती धावा हव्यात ते समालोचकाने गर्जून सांगायचं असतं, फलंदाजाच्या कानावर जावं म्हणूनच सांगायचं असतं. अप्पा आयुष्यभर तेच करत आलेले. सातवा दरवाजा उघडला आणि ते उभे राहिले. "रसिकहो, विक्रम! विक्रम आता गौरीच्या हातात आहे! आता फक्त ती शेवटची उडी, तिथे जर ही चुकली नाही..." 

आणि मी चुकले. उंदीर सरळ खंदकात.

मग खालून, स्वयंपाकघरातून, आईंचा आवाज आला, खणखणीत. "घालवलात ना पोरीचा हातातोंडाशी आलेला घास! शेवटाला जरा तोंड मिटून बसलात तर काय आभाळ कोसळेल काय?"

माझं वाईट वाटणं बाजूलाच राहिलं, कारण अप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आधी ओशाळले, मग हळूहळू उजळत गेले. "ऐकत होती काय गो ती?" माडीच्या खिडकीखालीच स्वयंपाकघराची खिडकी आहे, आवाज सगळा खाली जातो, हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. मी म्हटलं, बघा, झालं ना तुमच्या मनासारखं? ते म्हणाले, "छ्या. ऐकू जाणं वेगळं नि ऐकणं वेगळं. स्टँडवर सगळ्यांनाच ऐकू जायचं, तरी ज्याची गाडी चुकायची त्याची चुकायचीच." पण स्वारी खुशीत होती. शेवटच्या घटकेला घाबरून सगळं घालवण्याला आमच्यात चोक म्हणतात, त्याची व्याख्या मात्र त्यांनी तिथल्या तिथे नक्की केली: हातातोंडाशी आलेला घास. आईंचे शब्द त्यांनी जसेच्या तसे घेतले.

त्यानंतर अप्पांनी सातव्या दरवाजाशी बोलणं बंद केलं. तो दरवाजा आला की माईक अलगद टेबलावर ठेवायचा आणि हाताची घडी घालून बसायचं. बोलण्यावर ज्याची हयात गेली त्या माणसाला हे किती जड गेलं असेल ते मी शेजारून बघत होते, खुर्ची नुसती करकरत असायची. पण नेम मोडला नाही. मी म्हटलं, आईंना सांगू का, की तुम्ही त्यांचं मानलंत? तर दोन्ही हात जोडून म्हणाले, "नको बाय माझे. डोक्यावर बसेल."

पुढे काही आठवड्यांनी ती रन लागली. म्हणजे लागली हे आत्ता म्हणते. तेव्हा नेहमीसारखीच एक संध्याकाळ होती. मांजर झोपलेलं मिळालं, गडग्यातून उंदीर पहिल्या फटक्यात सटकला, सगळ्यांच्या सह्या आणायची वेळ कुठे आली नाही. सातव्या दरवाजाशी माईक खाली ठेवल्याचा आवाज आला आणि मागे शांतता झाली. उंदीर कोठारात शिरला, घड्याळ थांबलं, विक्रमाचा आकडा बघून माझा माझ्या डोळ्यांवरच विश्वास बसेना. अप्पांनी माईक उचलला. गर्जना नाही, काही नाही, नुसतं "पोचली," एवढंच म्हणाले. मी घाईघाईने प्रक्षेपण बंद केलं आणि वळून बघितलं, तर दारात आई. हाताला तांदळाचं पीठ.

"अगो, तू कधी आलीस?" अप्पा.

"आवाज बंद झाला म्हणून आले. वाटलं, चक्करबिक्कर आली काय तुम्हाला."

"म्हणजे सातवाच दरवाजा बघितलास."

"मग? शेवट गोड झाला ना?"

"पहिल्यापासून बघ एकदा."

"बघेन हो. गणपती होऊन जाऊ देत," म्हणून आई भाकऱ्या थापायला खाली गेल्या.

गणपती झाले. दिवाळीचा फराळ झाला. मग आईंचा गुडघा धरला, जिना चढवेना. मग आंब्याच्या पेट्यांची गडबड. अप्पा मधूनमधून आठवण करायचे, पण धोशा लावला नाही कधी. आम्हा तिघांनाही वाटत होतं, घाई कुठे आहे... आणि मग तो फोन आला.

समीर रजा संपवून परत जहाजावर गेला. मी ड्युटीवर जायची, घरी यायची, खालीच बसायची. माडीवर जावंसं वाटेना. आईंनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. गेल्या आठवड्यात मात्र एका संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाक करून झाकून ठेवलेला, ओटा पुसलेला, आणि आई नेसतं बदलून माझी वाट बघत बसलेल्या. मला वाटलं, देवळात जायचं असेल.

"चहा घे नि वर चल," त्या म्हणाल्या. "मी दारात येऊन उभी राहिलेले ना, तो दिवस असेल ना तुझ्याकडे भरलेला? तो लाव. पहिल्यापासून लाव."

कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत त्या जिना चढल्या. अप्पांच्या खुर्चीवर बसायला सांगितलं तर आधी बसल्या नाहीत, पदराने तिच्यावरची धूळ झटकली, मग बसल्या. मी रेकॉर्डिंग लावलं. "नमस्कार रसिकहो!" आला. मला वाटलं होतं आईंना रडू येईल, म्हणून मी त्यांच्याकडे बघत होते, पण त्यांनी हाताने मला गप्प राहायची खूण केली आणि पडद्याकडे बोट दाखवलं. माझ्याकडे कशाला बघत्येस, तिकडे बघ.

त्या सगळं ऐकत होत्या. उंदीर भिंतीतून सटकला तेव्हा "हा माझा शब्द" म्हणाल्या. मांजर झोपलेलं मिळाल्यावर अप्पा म्हणत होते, "आज टोपलीत सुरमई आलेली आहे रसिकहो, आणि हे वाक्य माझं नव्हे, आमच्या घरच्या सरकारचं आहे." आई एकदम सरळ झाल्या. "माझं नाव काढायचे काय चारचौघांत?" मी म्हटलं, रोज. "चहाटळ मेले," असं त्या म्हणाल्या आणि पदर सारखा करून घेतला. विनाथांबा म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं नाही. चौथ्या दरवाजाशी तर मलाच विचारू लागल्या, की इथे उजवीकडून गेलीस तर जवळ पडणार नाही का. पडत नाही, पण प्रश्न अगदी बरोबर होता.

सातवा दरवाजा आला. माईक टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला आणि अप्पा थांबले. 

आई थोडा वेळ वाट बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आवाज गेला काय गो?"

"नाही आई. आवाज आहे. अप्पा गप्प आहेत."

"त्या दिवशीपण असेच गप्प होते. का?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सांगितलं, की खालून तुम्ही ओरडलात ना, शेवटाला तोंड मिटून बसा म्हणून, त्या दिवसापासून अप्पा सातव्या दरवाजाशी कधी बोलले नाहीत. एकदाही नाही. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते.

आईंनी ऐकलं. पडद्यावर उंदीर पळत होता, मागे खुर्चीची करकर ऐकू येत होती, तीच खुर्ची. त्या म्हणाल्या, "जन्मभरात माझं एवढं एकच ऐकलंनी," आणि मग मात्र पदर डोळ्यांना लावला. मीही रडले. बरं वाटलं रडून, खरं सांगायचं तर.

उंदीर कोठारात शिरला. "पोचली," अप्पा म्हणाले आणि पडदा काळा झाला. मी आईंना हात द्यायला उठले, गुडघा आखडला असेल म्हणून. त्या उठल्या नाहीत. डोळे पुसून त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढून घेतली.

"दुसरी लाव," म्हणाल्या.